दाजी, तुमची बॅग कोरी निघाली

दाजी, तुम्हाला जाऊन आज चोवीस दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, फौजेतून हवालदार होऊन आलेले, अख्ख्या रहिमतपुरात तुमच्या शब्दाला मान. आणि तुम्ही माझ्याशी नऊ महिने रोज सकाळी सहा वाजता खोटं बोललात. रविवारसुद्धा सोडला नाहीत.

रक्षाविसर्जनाला नदीवर चौघांनी भाषणं केली. शिस्तीचा माणूस, आतबाहेर एक असलेला माणूस. मी मान डोलवत होतो, डोळे पुसत होतो. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. आता ते ‘आतबाहेर एक’ आठवलं की हसू येतं. मग पुन्हा तुमचाच राग येतो.

सुरुवात माझ्यापासून झाली, हे मान्य. ताकारीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी दिवसभर पुढ्यात, बसून बसून पोट सुटलेलं, आणि राग तर जन्मापासून नाकावर. डॉक्टरांनी शुगर सांगितली, प्रेशर सांगितलं, रोज चालायला सांगितलं. मी चार दिवस चाललो. पाचव्या दिवशी एका गिऱ्हाइकाशी वाजलं, आणि मी फेकलेला पाना कपाटाच्या काचेत गेला. मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लगेच आक्काला फोन लावला. बायकांच्या तारखात्याला उशीर ठाऊकच नाही. आक्कानं तुम्हाला सांगितलं आणि संध्याकाळी तुमचा फोन आला.

“पाव्हणं, काचंनं काय घोडं मारलं तुमचं? मारायचंच हाय तर रीतसर मारा की. साताऱ्याला या. पंचिंग बॅग घिऊ.”

तुम्ही तरुणपणी पलटणीत बॉक्सिंग केलेलं. तुमच्या मोडलेल्या नाकाचा मला लहानपणापासून केवढा अभिमान! तुमच्या लग्नात मी चौथीत होतो. शाळेत पोरांना सांगत सुटलो होतो, आमच्या दाजींचं नाक बघा म्हणून. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं आलो.

साताऱ्याच्या त्या दुकानात आपण दीड तास काढला. मला लाल-काळी, खाली पाण्याची टाकी असलेली उभी बॅग आवडली होती. तुम्ही तिला एक बोट लावलंत, ती डुलली. “ही मारायची का झुलवायची? बारशाला बरी हाय.” दुकानदारानं तोंड वाकडं करून एक भरलेली टांगती बॅग दाखवली. तुम्ही ती अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत दाबत गेलात, बाजारात वांगी बघावीत तशी. “तळाला दगूड लागतोय. वाळू भरलीया. म्हैन्यात मनगाट जाईल ह्येचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसलं काय नगं आमाला. रिकामी द्या. भरतो आमचं आमी.”

मग रिकाम्या बॅगा आल्या. तुम्ही एकेक उलटी करून शिवण बघितलीत, टाके दुहेरी आहेत का ते. पट्टे मला ओढायला लावलेत. “वढ. आजून वढ. निघतोय का?” साखळीची वरची कडी फिरती पाहिजे, नाहीतर पीळ बसून साखळी तुटते, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि वजन? “अंगाच्या निम्मं. तू ऐंशीचा, बॅग चाळीसची. जास्तीचं शहाणपण नगं.” मी साठचा हट्ट धरला. आपलं ते भांडण तिथं सुरू झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही.

पैसे द्यायच्या वेळी तुम्ही म्हणालात, “दोन द्या. एक पाव्हण्यास्नी, एक मला.” दाजी, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तुम्ही मधे दीड वर्ष अगदी मलूल दिसत होता. मला वाटलं, गडी पुन्हा उभा राहिला. दोन्ही बॅगा, साखळ्या, ग्लोव्हज, सगळं मी खांद्यावर घेतलं आणि तुम्ही मागून मोकळ्या हातानं स्टँडपर्यंत आलात. दर शंभर पावलांवर थांबून दुकानांच्या पाट्या वाचत. मी चिडवलं, फौजी माणूस आणि ओझं उचलंना व्हय? तुम्ही म्हणालात, “हवालदारानं वझं न्यायचं नसतंय, न्यायला लावायचं असतंय.” मी हसलो. गाढव मी.

गाढवपणाचंच निघालं आहे तर तेही लिहितो, कारण ते आठवून तुम्ही जितकं हसला असाल तितकं कशालाच हसला नसाल. तुम्ही सांगितलं होतं, बॅगेत जुनी कापडं भर. मी म्हटलं, कापडं गोळा करत कोण बसणार? आमच्या दुकानाच्या मागं गुऱ्हाळ. तिथं रस काढून वाळत टाकलेल्या चिपाडाचा ढीग. हलकं, लवचिक, फुकट. मी दोन पोती आणून बॅग गच्च भरली, मोटरी उचलायच्या गर्डरला टांगली, आणि स्वतःवर खूश झालो. आठवडाभर झकास चाललं. मग एका सकाळी ठोसा मारला आणि चेनमधून मुंग्या सांडल्या. दुसरा मारला, आणखी सांडल्या. गर्डरवरून साखळीनं खाली मुंग्यांची रांग लागलेली. गिऱ्हाइकं पाय झाडत बाहेर पळाली.

तुम्हाला फोन केला तर तुम्ही हसून हसून बोलेनात. शेवटी आक्कानं फोन घेतला. मागून तुमचा आवाज येत होता, “शुगर झाल्याली ह्येला, आन् पिशवीत साखर भरतोय! आगं, मुंग्यांस्नी तरी शुगर हुईल!” दोन दिवसांत ही गोष्ट कोरेगावच्या बाजारापर्यंत पोचवलीत तुम्ही.

रविवारी तुम्ही आणि आक्का पॅसेंजरनं आलात, शिंप्याकडच्या चिंध्यांची दोन गाठोडी घेऊन. तुम्ही खोक्यावर बसलात आणि हुकूम सुरू. “बटणं काढा, चेना काढा. चादरीची गुंडाळी मधी, चिंध्या कडंनी. थर टाकला की मुसळानं कुटा.” मी आणि आक्का भरत होतो, मी कुटत होतो, घामानं न्हालो. म्हटलं, तुम्हीपण लावा की हात. “उस्ताद हात लावत नसतोय.” मी मंगलला मोठ्यानं म्हणालो, बघ, चाळीस वर्षं झाली तरी जावईपण सुटंना. तुमच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, पत्र्याची उष्णता असेल. आक्का मधेच पदरानं तुम्हाला वारा घालायला लागली आणि तुम्ही तिच्याकडं असं बघितलंत की ती थांबली. हे मी बघितलं होतं, दाजी. बघूनही मला काही कळलं नाही.

मग तो नेम सुरू झाला. सकाळी सहा. तुम्ही रहिमतपुरात, मी ताकारीत, फोन स्पीकरवर ठेवून स्टुलावर. तीन मिनिटांचा एक राउंड, असे तीन. आधी तुमची आरोळी, “हाणा!” मग माझ्याकडून धप् धप् आणि तुमच्याकडून धप् धप्. “हनुवटी झाका, पाव्हणं. डावा. डावा. उजवा.” मी एकदा व्हिडिओ लावू म्हटलं, तर म्हणालात, “त्वांड बघत बसशील. मारणार न्हाईस.” पटलं मला. तुमचं मला सगळंच पटायचं. दोन महिन्यांनी माझी बॅग वरून पोकळ झाली. मी कळवलं. “चिंध्या खाली बसत्यात. वरनं भर. मीबी कालच भरल्या,” म्हणालात. मीबी कालच भरल्या! इतक्या बारकाव्यानं खोटं बोलायला कुठं शिकलात हो?

आणि गुण आला, हे कबूल करतो. शुगर उतरली. कपाटाला नवी काच बसवली, ती अजून शाबूत आहे. मंगल म्हणायची, दाजींच्या पाया पडाय पायजे. मीही म्हणायचो, पन्नाशीच्या पुढं मला माझा थोरला भाऊ मिळाला. तुम्हाला तोंडावर हे कधी बोललो नाही. तोंडावर मी काय बोललो ते सांगतो.

शेवटच्या त्या सकाळी मी पुन्हा साठच्या बॅगेचं काढलं. तुम्ही नको म्हणालात. खांदा जाईल, मनगट जाईल, तेच ते. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “तुमच्यानं चाळीसबी झेपंना झालीया, दाजी. म्हाताऱ्यागत हात पडत्यात, ऐकू येतंय मला हितं. सोताला जमंना म्हणून मलाबी वाढू देत न्हाई तुमी.” मग तुम्ही म्हणालात, “व्हय गड्या. तसंच आसंल.” मी फोन कापला. दुसऱ्या दिवशी लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हटलं, येऊ दे त्यांचाच. चौथ्या दिवशी सकाळी नऊला आक्काचा फोन आला, आणि ती नुसतं “दिल्या, ये,” एवढंच म्हणाली.

तेराव्याला मी आलो. आपल्याकडं रीत आहे, तेराव्याला भावानं बहिणीला साडी द्यायची आणि चार दिवस माहेरी घेऊन यायचं. मंगलनं निळ्या काठाची साडी घेऊन दिली होती. माणसं सोप्यात बसली होती. मला तिथं बसवेना म्हणून मी मागच्या पडवीत गेलो. तुमची बॅग टांगलेली होती. दिवाळीला आलो तेव्हाही होती. तेव्हा मी मारायला हात उगारला तर तुम्ही अडवलंत. “सकाळधरनं मारलीया. इसावा दे तिला.” आता अडवायला कोणी नव्हतं. म्हटलं, एक ठोसा दाजींच्या नावानं.

हात उगारला आणि वर लक्ष गेलं. साखळी आणि पट्टा यांच्या मधे कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. चांगलं मोठं, वाळून कडक झालेलं. कुठं चीर नाही. मी माझ्या बॅगेखाली नऊ महिने उभा आहे, दाजी. एका ठोशानं सगळी साखळी हादरते, तिथं कोळ्याचं जाळंसुद्धा टिकत नाही. मी बॅगेचा वरचा भाग दाबला. गच्च. मधे हात फिरवला. चमक नाही, खळगा नाही, दुकानातला वास तसाच. बॅग कोरी होती.

मी आक्काला हाक मारली. तिनं बॅगेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि खाली बसली. तुमच्या खाटेखालून तिनं दोरीनं बांधलेली वाकळेची गुंडाळी काढली आणि एक वेळूची काठी. “ह्येच्यावर मारायचं. खुर्चीत बसून. तुला आवाज यावा म्हणून.”

मग सगळं बाहेर आलं. तुमचं हृदय निम्म्यानंही काम करत नव्हतं. डॉक्टरांनी जिना चढायला मना केलं होतं, बादली उचलायला मना केलं होतं. आणि हे कधी? आपण साताऱ्याच्या दुकानात गेलो त्याच्या आदल्या आठवड्यात. म्हणजे तुम्ही अंगठ्यानं बॅगा दाबत होता, टाके बघत होता, आणि दोन द्या म्हणालात, तेव्हा तुम्हाला पक्कं ठाऊक होतं की यातल्या एकीला कधी हात लागणार नाही. तुमची बॅग आक्कानं भरली, मी कधी आलो तर दिसावी म्हणून. “त्यो उपदेशानं चालत न्हाई, इरेसरीनं चालतोय,” असं म्हणाला होता म्हणे तुम्ही माझ्याबद्दल. “मी मारतोय म्हणलं तरच त्यो मारंल.”

बरोबर ओळखलंत. शंभर टक्के. पण मी काय बैल आहे का हो, शेजारी दुसरा जुंपल्याशिवाय न चालणारा? मला सांगायचं होतंत. मी मुंबई-पुण्याचे डॉक्टर पालथे घातले असते. तेही जमलं नसतं तर रोज सहाला फोन करून नुसता बोललो असतो. लग्नातलं, पलटणीतलं, तुमच्या नाकाचं. नाक नक्की कुणी मोडलं हे तुम्ही दर वेळी वेगळं सांगायचा, ते एकदा खरं विचारून घेतलं असतं. तुम्ही मला धप् धप् ऐकवत राहिलात. आणि मरायला टेकलेल्या माणसाला मी म्हातारा म्हणालो. तुम्ही मला ते म्हणू दिलंत. व्हय गड्या, तसंच आसंल! मला भांडू दिलंत, फोन कापू दिलात, आणि निघून गेलात. आता हे मी कुठं नेऊन टाकू?

मी आक्कावर ओरडलो. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर. “ह्यो परका हुता, तू तर माझ्या आईच्या पोटची! तूबी?” साडीची पिशवी मी खुंटीला टाकली आणि बाहेर पडलो. तेराव्याला आलेला भाऊ बहिणीला न घेता परत गेला, हे रहिमतपुरानं बघितलं.

आठ दिवस आक्काचे फोन आले, मी उचलले नाहीत. नवव्या दिवशी जेवायला वाढताना मंगल म्हणाली, “राग दाजींवर हाय ना? मग शिक्षा आक्कांना का? त्यांचा पोरगा तिकडं बॉर्डरवर, सुट्टी संपली, गेला. घरात एकट्या हायत त्या.” मी ताटावरून उठलो आणि स्टेशनवर गेलो.

आक्का दारातच होती. तीच साडी नेसलेली, निळ्या काठाची. स्वतःच नेसली होती. मी माफी मागणार होतो, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणालो, “निदान शेवटी तरी सांगायचं व्हतंस. त्यांचा हात पार गेला व्हता, मला ऐकू येत व्हतं.”

आक्का म्हणाली, “त्यांचा हात न्हवता त्यो.”

“मंजी?”

“शेवटचं दोन म्हैनं त्यांच्यानं काठी उचलत न्हवती. बोलायपुरता दम राखून ठेवायचं ते रात्रभर. हाणा म्हणायपुरता. काठी मी मारत हुते.”

ती पुढं म्हणाली, “तू वरडायचास न्हवं, जोरात मारा दाजी, जोरात. मग मी जोरात मारायची. त्यांनी शपथ घातलेली, दिल्याला सांगायचं न्हाई, पोराला सांगायचं न्हाई, शेजारी रडायचं न्हाई. डाक्टर म्हणलेला आता दिवस मोजा. मग मी कुठं जाऊ? सा वाजायची वाट बघायची. तेवढी नऊ मिन्टं वाकाळ बडवायची आन् रडून घ्यायची. ते बघायचं आन् तोंड फिरवायचं.”

दाजी, माझ्याशी खोटं बोललात, त्याचा राग आहे. तो राहील. शुगर उतरली म्हणून फिटण्यातला नाही तो. पण माझ्या बहिणीचा भाऊ पासष्ट किलोमीटरवर धडधाकट जिवंत असताना तुम्ही तिला नऊ महिने बिनभावाची ठेवलीत. हे मी तुम्हाला माफ करणार नाही असं पहिल्यांदा लिहिलं होतं. आक्काला काल घेऊन आलो. ती आत मंगलबरोबर शेंगा फोडत बसली आहे, तिचा आवाज इथपर्यंत येतो आहे. तो ऐकून ते वाक्य मी खोडलं. कारण शपथ तिला होती. तुम्हाला लपवायचं होतं. मला कुणी काय बांधून ठेवलं होतं?

नऊ महिने रोज सकाळी मी तुमच्या घरी फोन लावला, दाजी. आणि एकदाही म्हणालो नाही, जरा आक्काकडं द्या.